बिडाच्या गावात ॲल्युमिनियम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. वाहन उद्योगाला लागणारे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू देशातच, आणि शक्य असल्यास बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कोल्हापूरच्या भट्ट्यांमध्येच तयार करता येतील का, हा तो विषय. त्यातील निवडक पत्रे येथे घेतली आहेत आणि जागेअभावी काहींचा सारांश केला आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची बिडाची फाउंड्री असून ट्रॅक्टरचे भाग आणि ब्रेक ड्रम आम्ही वीस वर्षे ओतत आहोत. पुण्याच्या एका ग्राहकाने एडीसी-12 या मिश्रधातूचे हाउसिंग करून द्याल का, अशी विचारणा केली आहे. तयार इनगॉट (मिश्रधातूची वीट) महाग पडतो, भंगार मात्र सहज मिळते. बिडाचा चार्ज (भट्टीत टाकायचे मिश्रण) आम्ही भंगारापासूनच बसवतो, मग ॲल्युमिनियमचा मिश्रधातू भंगारापासून घरीच का करू नये? त्यात एवढे वेगळे काय आहे? — फाउंड्री मालक, शिरोली

उत्तर : वेगळे आहे ते लोखंड. ज्या धातूवर आपला आणि या सगळ्या परिसराचा धंदा उभा राहिला, तोच ॲल्युमिनियमच्या भट्टीत नकोसा पाहुणा ठरतो, आणि एकदा आत शिरला की बाहेर काढता येत नाही. बिडाच्या रसात कार्बन किंवा सिलिकॉन कमी-अधिक झाले तर आपण हीट (एका वेळी वितळवलेला रस) दुरुस्त करता. नको असलेली बरीच द्रव्ये ऑक्सिडेशनने जाळून मळीत काढता येतात. ॲल्युमिनियमच्या रसात हा मार्ग बंद असतो, कारण प्राणवायू मिळाला की तेथे आधी जळते ते मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम. लोह, तांबे आणि जस्त जागच्या जागी राहतात. मॅग्नेशियम, सोडियम, कॅल्शियम ही द्रव्ये फ्लक्स (रस स्वच्छ करणारे क्षार) किंवा क्लोरीनच्या साहाय्याने कमी करता येतात, पण लोहासाठी रोजच्या व्यवहारात एकच उपाय उरतो, तो म्हणजे शुद्ध धातू टाकून रस पातळ करणे.

हा उपाय किती महाग पडतो ते आकड्यांतून पाहू. समजा, भंगारापासून केलेल्या 500 किलो रसात स्पेक्ट्रोवर (घटकांचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) लोह 1.1 टक्के आले आणि ग्राहकाला ते 0.8 टक्के हवे आहे. त्यासाठी 0.15 टक्के लोह असलेले शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे 230 किलो टाकावे लागेल. तेवढे टाकल्यावर 10.5 टक्के असलेले सिलिकॉन 7.2 टक्क्यांपर्यंत उतरते, म्हणून आणखी सुमारे 27 किलो सिलिकॉन घालावे लागते. तांबे 2 टक्के असेल तर ते 1.4 टक्क्यांच्याही खाली येते, आणि जपानी मानकानुसार एडीसी-12 मध्ये तांबे 1.5 ते 3.5 टक्के असावे लागते. म्हणजे तेही वरून द्यावे लागणार. स्वस्त भंगारात वाचवलेले पैसे असे शुद्ध धातूत परत जातात, आणि 500 किलोची हीट मूस भरून सांडेल एवढी वाढते ती निराळीच.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, नाहीतर आपण लोह शून्यावर आणण्याच्या मागे लागाल. प्रेशर डाय कास्टिंगमध्ये, म्हणजे डाय या पोलादी साच्यात रस दाबाने भरण्याच्या पद्धतीत, थोडे लोह हवेच असते. ते अगदी कमी झाले तर गरम रस पोलादी डायला चिकटतो आणि कास्टिंग सोडवताना पृष्ठभाग ओरबाडला जातो. म्हणूनच एडीसी-12 मध्ये 1.3 टक्क्यांपर्यंत लोह चालते, आणि म्हणूनच हा मिश्रधातू भंगारापासून करता येतो. मात्र लोह वाढत गेले की घट्ट होताना धातूत सुईसारखे ठिसूळ स्फटिक तयार होतात आणि कास्टिंग ताणाखाली तडकते. मँगनीज घातले तर या सुयांचा आकार बदलून त्रास कमी होतो, पण मँगनीजलाही मर्यादा आहे. लोह, मँगनीजची दुप्पट आणि क्रोमियमची तिप्पट यांची बेरीज करण्याची एक जुनी रीत आहे. उदाहरणार्थ लोह 0.9, मँगनीज 0.3 आणि क्रोमियम 0.1 असेल तर ही बेरीज 1.8 होते, अशा रसाचे धारण भट्टीतील (ओतेपर्यंत रस गरम ठेवण्याच्या भट्टीतील) तापमान 650 अंशांच्या खाली घसरू दिले तर तळाशी कठीण गाळ बसतो. तोच गाळ कास्टिंगमध्ये गेला की मशिनिंगवाल्याचा फोन येतो, कारण त्या कठीण कणांवर त्याची टूल टिप तुटलेली असते.

आता आपल्या आवाराविषयी. बिडाची इंडक्शन भट्टी धुऊन-पुसून ॲल्युमिनियमला वापरू, असा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा. तिच्या सिलिकाच्या अस्तराशी द्रव ॲल्युमिनियमची रासायनिक क्रिया होते आणि अस्तरात मुरलेले बीड रसात उतरते. लोखंडी पळी, ढवळण्याचा दांडा, मळी काढण्याचे झारे, ही सगळी हत्यारे द्रव ॲल्युमिनियममध्ये अक्षरशः विरघळत असतात. तापमान जितके जास्त, तितके जलद. म्हणून मूस ग्रॅफाइटची किंवा सिलिकॉन कार्बाइडची असावी, हत्यारांवर प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला लेप द्यावा, आणि शॉट ब्लास्टिंगच्या विभागातील पोलादी छर्रे ॲल्युमिनियमच्या रनर-रायझरमध्ये (साच्यातील रसाच्या वाटांत आणि साठ्यांत घट्ट होऊन उरलेल्या धातूत) मिसळणार नाहीत अशी भिंत, शब्दशः भिंत, मध्ये घालावी. कोल्हापुरातील जुन्या मिस्त्रींचा हात बिडावर बसलेला आहे. रसाचा रंग पाहून ते तापमान सांगतात. ॲल्युमिनियमचा रस 700 अंशांना असला तरी उजेडात चांदीसारखाच दिसतो, तेथे डोळा फसतो आणि पायरोमीटरशिवाय इलाज नसतो. मला विचाराल तर नव्या यंत्रांपेक्षा ही सवय बदलणे अधिक कठीण जाते.

माझा सल्ला असा की पहिले वर्ष ग्राहकाने मान्य केलेल्या पुरवठादाराचा इनगॉटच घ्यावा, प्रत्येक लॉटचे प्रमाणपत्र आपल्या स्पेक्ट्रोवर ताडून पाहावे आणि स्वतःचे रनर-रायझर ठरलेल्या प्रमाणातच परत वितळवावेत. वाहन कंपन्या कास्टिंगबरोबर धातूचा स्रोतही मंजूर करतात. पुरवठादार बदलला की नमुने, चाचण्या आणि मंजुरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. भंगारापासून मिश्रधातू करणे हा फाउंड्रीचा जोडधंदा नव्हे. त्याला वर्गीकरणाची जागा, मोठी भट्टी आणि महिन्याला शेकडो टनांची उलाढाल लागते. देशातील मोठे उत्पादक तर जवळच्या ग्राहकांना इनगॉटऐवजी वितळलेला रसच झाकणबंद पात्रातून ट्रकने पोहोचवतात, त्यामुळे ग्राहकाचा दुसऱ्यांदा वितळवण्याचा खर्च आणि त्यातील घट दोन्ही वाचतात. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील ॲल्युमिनियम ओतणारे कारखाने एकत्र येऊन असा एक मध्यवर्ती प्रकल्प उभारू शकले तर तो विचार करण्याजोगा आहे. एकट्याने करण्याजोगा मला वाटत नाही.

प्रश्न : एलएम-25, ए-356 आणि एडीसी-12 ही नावे अभ्यासक्रमात येतात, पण त्यांचा परस्परसंबंध कोणी सांगत नाही. — तंत्रनिकेतनातील विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : ही वेगवेगळ्या देशांच्या मानकांतील नावे आहेत. एलएम ही ब्रिटिश मालिका, एडीसी ही जपानी आणि तीन अंकी क्रमांक अमेरिकी. भारतीय मानक आयएस 617 हे आहे. एलएम-25 आणि ए-356 हे जवळचे भाऊ असून दोन्हींत सिलिकॉन सुमारे 7 टक्के आणि थोडे मॅग्नेशियम असते. या मॅग्नेशियममुळेच 540 अंशांच्या आसपास तापवून, पाण्यात बुडवून, मग 155 ते 170 अंशांना काही तास ठेवण्याच्या उष्णतोपचाराने त्यांना बळकटी येते. चाके, सिलिंडर हेड असे भाग त्यांचे होतात. अमेरिकी क्रमांकातील दशांश चिन्हापुढचा आकडा विद्यार्थी सहसा सोडून देतात, पण तो महत्त्वाचा आहे : शून्य म्हणजे कास्टिंग, एक किंवा दोन म्हणजे इनगॉट. ए-356.2 या इनगॉटमध्ये लोह 0.12 टक्क्यांपर्यंतच चालते, तर त्यापासून ओतलेल्या कास्टिंगला 0.20 टक्के मुभा आहे. ओतेपर्यंत लोह वाढणारच, हे मानक लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले आहे. वरच्या पत्राचे उत्तर आपणही वाचावे.

प्रश्न : आम्ही ग्रॅव्हिटी डायवर (दाबाशिवाय रस ओतण्याच्या धातूच्या साच्यावर) एलएम-25 चे भाग ओततो. जून ते सप्टेंबर या काळात मशिनिंगनंतर पिनहोल दिसतात आणि नाकारलेल्या मालाचा ढीग लागतो. दिवाळीनंतर तोच इनगॉट, तेच कामगार, तोच डाय, आणि माल चांगला! पुरवठादार म्हणतो इनगॉट निर्दोष आहे. — पर्यवेक्षक, गोकुळ शिरगाव

उत्तर : पुरवठादार बहुधा खरे बोलत आहे. द्रव ॲल्युमिनियममध्ये लक्षणीय प्रमाणात विरघळणारा वायू एकच, तो म्हणजे हायड्रोजन, आणि तो येतो पाण्यातून. गरम धातू बाष्पातील प्राणवायू स्वतःकडे घेतो आणि सुटलेला हायड्रोजन रसात मुरतो. घट्ट झालेल्या धातूत मात्र त्याला द्रवातल्यापेक्षा जवळजवळ वीस पट कमी जागा मिळते. उरलेला हायड्रोजन सुटताना जी गोल, चकचकीत पोकळी ठेवून जातो तिला आपण पिनहोल म्हणता. गगनबावड्याकडून येणारी पावसाळी हवा आपल्या शेडमध्ये ओलावा घेऊनच शिरते, आणि आपण तिला अनेक दारे उघडी ठेवलेली असतात.

पहिले दार इनगॉटचा साठा. पत्र्याखाली, पण जमिनीवर रचलेला इनगॉट रात्रीच्या गारव्यात घामेजतो. तो लाकडी फळ्यांवर ठेवावा आणि भट्टीच्या कडेवर तापवून, हात लावता येणार नाही इतका गरम झाल्यावरच रसात सोडावा. ओला इनगॉट रसात बुडाला तर अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन रस उसळतो. ही केवळ दर्जाची बाब नसून माणसांच्या डोळ्यांची आणि जिवाची बाब आहे. दुसरे दार फ्लक्स. उघड्या पोत्यातील फ्लक्स पावसाळ्यात ओलावा ओढतो आणि रस स्वच्छ करण्याऐवजी त्यात हायड्रोजनच भरतो. तिसरे दार तेलाची भट्टी, कारण ज्योतीतच बाष्प असते. ज्योत रसाच्या पृष्ठभागावर थेट आदळत नाही ना, ते पाहावे. आणि चौथे, सर्वांत सामान्य, म्हणजे तापमान : उत्पादन वाढवण्याच्या घाईत रस 780 अंशांपर्यंत नेला की हायड्रोजन शोषण्याची त्याची भूक झपाट्याने वाढते. ग्रॅव्हिटी डायसाठी 700 ते 740 अंश पुरेसे असतात.

गॅस काढण्यासाठी गोळी वापरत असाल तर शक्य तितक्या लवकर फिरत्या दांड्यातून नायट्रोजन किंवा आर्गॉन सोडणारे यंत्र घ्यावे. गोळीतून उठणारे मोठे बुडबुडे भराभर वर निघून जातात. फिरता दांडा बारीक बुडबुडे रसभर पसरवतो आणि प्रत्येक बुडबुडा वाटेतला हायड्रोजन गोळा करत वर येतो. काम झाले की नाही, हे ठरवण्यासाठी एक साधी चाचणी आहे. एकाच रसाचे दोन लहान नमुने घ्यावेत, एक मोकळ्या हवेत आणि दुसरा निर्वाताखाली घट्ट होऊ द्यावा, आणि दोन्हींची घनता काढावी. पहिली 2.65 आणि दुसरी 2.55 आली तर फरक पावणेचार टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे रस गॅसने भरलेला आहे. हा आकडा दर पाळीला फळ्यावर लिहावा. जुलैतला आणि डिसेंबरमधला आकडा शेजारी शेजारी दिसला की पुरवठादाराशी होणारा वाद आपोआप थांबेल.

एक सावधगिरी. प्रत्येक भोक गॅसचे नसते. कडा वेड्यावाकड्या, आतून खडबडीत, आणि नेहमी जाड भागातच दिसत असेल तर ते आकुंचनाचे आहे. त्यावर रायझर आणि डायचे तापमान पाहावे लागेल, गॅस काढून उपयोग नाही.

प्रश्न : माझा भंगाराचा धंदा आहे. ॲल्युमिनियमचे भंगार मी एकाच ढिगात विकतो. वर्गवारी केली तर खरेच जास्त भाव मिळतो का? परदेशी भंगाराला लोक एवढे का मागतात? — भंगार व्यापारी, कोल्हापूर शहर

उत्तर : वर्गवारी केल्यास भाव मिळतो, कारण एकाच ढिगात आपण महाग माल स्वस्तात मिसळून देता. वीजवाहक तारेचे ॲल्युमिनियम जवळजवळ शुद्ध असते. खिडक्यांच्या सेक्शनमध्ये लोह आणि तांबे दोन्ही कमी असतात, म्हणून पहिल्या पत्रात सांगितलेल्या रस पातळ करण्याच्या कामी मिश्रधातूवाले ते आनंदाने घेतात. अलॉय व्हील तर बहुतांशी ए-356 चीच असतात. वजनाचे तुकडे, व्हॉल्व्ह आणि रंग काढून ती वेगळी ठेवली तर तशाच कास्टिंगमध्ये परत जातात. पिस्टन वेगळे ठेवावेत, त्यांत निकेल आणि तांबे असते. मात्र डिझेल इंजिनच्या बऱ्याच पिस्टनमध्ये रिंगच्या खाचेत बिडाचे कडे ओतलेले असते, ते फोडून काढल्याशिवाय देऊ नये. हा ऑइल इंजिनचा मुलूख, अशा पिस्टनची आपल्याकडे वाण नसावी. इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे तुकडे, बोल्ट काढून, एडीसी-12 वाल्याला चालतात. बोल्ट राहिलाच तर उतरत्या तळाच्या भट्टीत काम भागते : ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळून वाहून जाते आणि पोलादाचा तुकडा वरच राहतो, अट एवढीच की तो रसात बुडता कामा नये. मशीनवरचा चुरा तेलकट आणि ओला असतो. तो सुकवून दिला नाही तर त्यातील बराचसा जळून मळी होतो आणि खरेदीदार ती घट आपल्याच भावातून कापतो.

परदेशी भंगाराची मागणी त्याच्या परदेशीपणासाठी नसून वर्गवारीसाठी आहे. त्या व्यापारात प्रत्येक प्रकाराला ठरलेले नाव असते. यंत्राने तुकडे केलेल्या गाड्यांमधील मिश्र अलोह धातूंना झोर्बा म्हणतात, त्यातून तरंगवून वेगळ्या केलेल्या ॲल्युमिनियमला ट्वीच, ओतीव भागांना टेन्स, चाकांना ट्रोमा. नाव ऐकले की खरेदीदाराला आत काय असणार आणि किती घट धरायची, हे कळते. आपल्याकडचे भंगार याच धातूचे असते, पण त्याला नाव नसते. हातात धरून मिश्रधातू ओळखणारी एक्स-रे बंदूक आता अनेक व्यापारी बाळगतात. ती परवडत नसेल तर चुंबक, कानस आणि वजनाचा अंदाज यांवरही बरेच काम होते.

प्रश्न : आमच्या राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडच्या पठारावर बॉक्साइट निघत आले आहे. देश ॲल्युमिनियम उत्पादनात जगात दुसरा आहे असे आम्ही मुलांना शिकवतो. मग गाड्यांसाठी लागणारा धातू बाहेरून का आणावा लागतो आणि आमच्या दगडाचे ॲल्युमिनियम येथेच का होत नाही? — माध्यमिक शिक्षक, राधानगरी तालुका

उत्तर : मुलांना आपण बरोबर शिकवता. भारताचे प्राथमिक, म्हणजे बॉक्साइटपासून केलेल्या, ॲल्युमिनियमचे वार्षिक उत्पादन 40 लाख टनांहून अधिक आहे आणि चीननंतर आपलाच क्रमांक लागतो. परंतु दगड आणि धातू यांच्यामध्ये वीज उभी असते. चार ते पाच टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) आणि त्यापासून एक टन धातू मिळतो, आणि या शेवटच्या पायरीला सुमारे 14 हजार युनिट वीज लागते. म्हणून धातू गाळण्याचे कारखाने बॉक्साइटच्या पठाराजवळ न वसता कोळसा आणि वीज यांच्याजवळ वसले : रेणुकूट, कोरबा, अंगुल, झारसुगुडा. आपल्या भागातील दगड बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्यापर्यंत गेला, तो याच हिशेबाने.

आपल्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग अधिक रंजक आहे. आपण शुद्ध धातू निर्यात करतो आणि भंगार आयात करतो. डाय कास्टिंगचे बहुतेक मिश्रधातू भंगारापासूनच होतात, कारण जुना धातू पुन्हा वितळवायला नव्या धातूच्या अवघी पाच टक्के ऊर्जा लागते. पण ॲल्युमिनियमचा आपला दरडोई वापर कमी असल्याने आणि गाड्या पंधरा-वीस वर्षे रस्त्यावर राहत असल्याने घरचे भंगार पुरत नाही. भंगारावरील आयात शुल्क 2.5 टक्के आहे. ते रद्द करावे असे भंगारापासून धातू करणारे म्हणतात आणि वाढवावे असे बॉक्साइटपासून धातू करणारे म्हणतात. माझा कल पहिल्या बाजूला आहे, कारण भंगार महाग झाले तर भार पडतो तो गोकुळ शिरगावसारख्या ठिकाणच्या लहान ओतकामावर, आणि तो गाडीच्या किमतीत वसूल करण्याची ताकद या कारखान्यांत नसते. संशोधनाची बाजू मुलांना दाखवायची असेल तर नागपूरला 1989 पासून जवाहरलाल नेहरू यांच्या नावाचे ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. सहलीचा विचार जरूर करावा.

प्रश्न : विजेच्या गाड्या आल्यावर बिडाची फाउंड्री संपणार आणि सगळे ॲल्युमिनियमचे होणार, असे मुलगा म्हणतो. खरे काय? — उद्यमनगरातील एक निवृत्त साचेकार

उत्तर : इंजिनचा ब्लॉक आणि हेड विजेच्या गाडीत नसतात, हे खरे. त्यांच्याऐवजी मोटरचे कवच, बॅटरीची पेटी आणि कंट्रोलरचे घर येते, आणि ते ॲल्युमिनियमचे असते. मात्र गाडीच्या सांगाड्याचे मोठे ओतीव भाग एडीसी-12 चे होत नाहीत. अपघातात ते तुटण्याऐवजी वाकावे लागतात, म्हणून लोह 0.2 टक्क्यांच्या आत ठेवून डायला चिकटणे टाळण्याचे काम मँगनीजकडे देतात. असा मिश्रधातू बहुतांशी प्राथमिक धातूपासून करतात, आणि देशातील मोठे कारखाने ओतकामाचे प्राथमिक मिश्रधातू करू लागले आहेत. दुसरीकडे ट्रॅक्टर, पंप, ब्रेक ड्रम आणि यंत्रांचे पाट यांना बीडच लागते आणि लागत राहील. चिरंजीवांना ॲल्युमिनियम शिकू द्यावे. आपले लाकडी नमुने मात्र एवढ्यात विकू नयेत.

दुरुस्ती : मागील अंकात सिलिकॉनचे कण बारीक करण्यासाठी घालावयाच्या द्रव्यांविषयी लिहिताना "सोडियमचा परिणाम काही तास टिकतो" असे छापले गेले. कागलच्या एका वाचकांनी ही चूक दाखवून दिली. ते वाक्य स्ट्रॉन्शियमविषयी हवे होते. सोडियमचा परिणाम अर्ध्या तासाच्या आसपास उतरू लागतो, त्यामुळे सोडियम वापरणाऱ्यांनी रस धारण भट्टीत ठेवून जेवायला जाऊ नये.